मोटारसायकलचा अंगरखा

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याने मोटारसायकल पाहिलेली नसणार. पण हल्लीच्या शर्यती ढंगाच्या मोटारसायकली पाहिल्या म्हणजे वाटते, की म्हण खास त्यांच्यासाठीच करून ठेवली असावी. पूर्वीची मोटारसायकल कशी मोकळ्या मनाची असे! इंजिन, कार्बोरेटर, वायरींची जुडगी, तेलाचे डाग, जे काय असेल ते चारचौघांत मांडून ती उभी राही. राजदूत, बुलेट, येझदी या मंडळींना लपवाछपवी ठाऊक नव्हती. आता रस्त्यात पाहावे तर पोटात काय दडले आहे याचा थांग लागू नये म्हणून गळ्यापासून घोट्यापर्यंत गुळगुळीत, टोकदार, रंगीबेरंगी अंगरखा घातलेल्या गाड्या सुसाट निघालेल्या असतात. या अंगरख्याला फेअरिंग म्हणतात. ज्यांच्या घरी अठरा ते तीस वयाचा मुलगा आहे अशा वाचकांना हा शब्द समजावून सांगायला नको. ज्यांच्या घरी नाही, त्यांनी देवाचे आभार मानावेत आणि खुशाल पुढे वाचावे.

आमच्या घरी अशी गाडी २०२१ साली आली. निळ्या रंगाची यामाहा आर-फिफ्टीन, २०१२ सालची, म्हणजे आमच्याकडे येण्यापूर्वी नऊ वर्षे दुसऱ्या कोणाच्या घरी काळजी उत्पन्न करून आलेली. चिरंजीव निनाद हिंजवडीला नोकरीला लागले होते आणि पैसे त्यांचे स्वतःचे होते. त्यामुळे आमची संमती हा केवळ सभ्यतेचा भाग होता. सौभाग्यवतींनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारले, "हिच्यावर मागे बसायचं कुठे?" निनादने मागची उंचावरची, पाटाएवढी गादी दाखवली. "तिथे कावळा बसेल," असे म्हणून ती चहा टाकायला आत गेली. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या गाडीचे नाव 'कावळ्याची गाडी' असे पडले.

आता हा अंगरखा आला कुठून, हेही थोडे सांगतो. कारण माझ्यासारख्या, विमा कंपनीत पस्तीस वर्षे खर्डेघाशी केलेल्या माणसाला ते सारे चिरंजीवांच्या तोंडून ऐकावे लागले आणि ऐकता ऐकता गोडी लागली. वाऱ्याचे गणित मोठे चमत्कारिक आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो आणि त्या विरोधावर मात करायला लागणारी ताकद आठपट होते. ताशी चाळीस किलोमीटरने जाणाऱ्याला वारा म्हणजे मोकळी हवा. ऐंशीने जाणाऱ्याला तोच वारा छातीवर ठेवलेल्या हातासारखा लागतो, आणि त्याहून पुढे गेले की तो हात मागे ढकलू लागतो. शर्यतीवाल्यांना हा हात चुकवायचा होता. इटलीत मांदेल्लो देल लारिओ नावाचे गाव आहे. तिथे मोटो गुझ्झी कंपनीने १९५० साली, अख्खी मोटारसायकल आत उभी करून तिच्यावर वारा सोडून पाहता येईल असा बोगदा बांधला. त्या काळी पुढचे चाकसुद्धा पोटात घेणारी मोठाली कवचे निघाली. इंग्रजांनी त्यांना 'कचऱ्याचा डबा' असे प्रेमाचे नाव दिले. पण आडवा वारा आला की हे डबे स्वाराला न विचारता दिशा बदलू लागत. तेव्हा १९५७ च्या हंगामानंतर जागतिक शर्यतींतून त्यांना रजा मिळाली, आणि पुढचे चाक उघडे ठेवणारा आजचा अंगरखा शिल्लक राहिला. १९७६ साली बीएमडब्ल्यूने आर-१००-आरएस या गाडीबरोबर असा पुरा अंगरखा साध्या रस्त्यावरच्या माणसालाही देऊ केला, १९८५ साली सुझुकीने जीएसएक्स-आर ७५० काढून शर्यतीचे सोंग थेट बाजारात आणले, आणि २००८ साली आर-फिफ्टीन निघाल्यावर ते आमच्यासारख्यांच्या दारापर्यंत येऊन पोचले.

दारापर्यंत आले खरे. पण वारा कुठे आहे? संध्याकाळी सहा वाजता कर्वे रस्त्यावर उभे राहून पाहा. ज्या गाडीचे नाक हवा कापण्यासाठी घडवले, ते पीएमपीच्या बसमागे धूर कापीत असते. अंगरख्याची खरी गरज जिथे लागावी, त्या मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर दुचाकीला मुळी प्रवेशच नाही. मी हे निनादला एकदा बोलून दाखवले. तो म्हणाला, "बाबा, तुमच्या लग्नातला सूट कपाटात आहे तो तुम्ही कितीदा घातलात?" यावर बोलण्यासारखे काही नव्हते.

२०२४ च्या जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि त्याच संध्याकाळी गाडी घसरली. पहिल्या पावसाचा रस्ता म्हणजे तेलाने माखलेला पाट. उन्हाळाभर रस्त्यात मुरलेले तेल आणि धूळ पहिल्या सरीने वर येते. पुलावरून उतरताना वळणावर निनाद गाडीसकट डाव्या अंगावर पडला. गळ्याजवळचे हाड, डॉक्टर लोक ज्याला कॉलर-बोन म्हणतात, ते मोडले. हेल्मेट होते म्हणून डोक्याला काही झाले नाही. टेम्पोत घालून गाडी घरी आली तेव्हा तिचा डावा अंगरखा फाटून लोंबत होता, नाक फुटले होते, आरसा वायरीला लटकत होता. निनादचा हात गळ्यातल्या झोळीत आणि गाडीचा आरसा असा लोंबता. सौभाग्यवतींनी दोघांकडे एकेकदा पाहिले आणि निकाल दिला, "हाड जुळेपर्यंत मी काही बोलणार नाही. जुळलं की ही गाडी विकायची."

तिच्या निकालावर आमच्या घरात अपील नाही. निनादही गप्प राहिला. दीड महिन्याने झोळी निघाली. डाव्या हाताने वजन उचलायचे नाही, एवढीच डॉक्टरांची ताकीद राहिली. मग जुन्या गाड्यांचा एक दलाल येऊन गाडी पाहून गेला. तो फार गोड बोलणारा गृहस्थ होता. म्हणाला, "काका, इंजिन फस्टक्लास आहे. पण अशी फुटकी गाडी कोण घेणार? भंगाराचा भाव येईल. बाहेरचा बॉडी-किट मागवा, घरच्या घरी बसवा. नवी दिसेल. पडली होती हे देवालासुद्धा कळायचं नाही."

कंपनीच्या मूळ भागांची यादी काढली तेव्हा बेरीज पाहून मला माझ्या निवृत्तिवेतनाचा आकडा आठवला. बाहेरचा संच निम्म्याहून कमी किमतीत मिळत होता. अशा संचांतही जाती असतात, हे निनादने मला समजावले. पातळ केलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबाने भरून काढलेले भाग चांगले. त्यांची जाडी सारखी असते आणि भोके बहुतेक जागच्या जागी येतात. तापवलेला पत्रा साच्यावर दाबून काढलेले भाग कोपऱ्यांत पातळ पडतात. हाताने थर देऊन केलेले फायबरचे भाग शर्यतीवाले वापरतात, कारण फुटले तर ठिगळ लावता येते. पण त्यांना भोके आपली आपण पाडावी लागतात. आम्ही पहिल्या जातीचा, एबीएस प्लॅस्टिकचा संच मागवला. लहान मुलांचे लेगोचे ठोकळे ज्याचे असतात तेच हे प्लॅस्टिक. रंग मात्र पहिलाच, निळा घेतला. काळा आणि लाल असा एक झगमगीत नमुना निनादच्या डोळ्यांत भरला होता. परंतु आरसी बुकात गाडीचा रंग नोंदलेला असतो, आणि तो बदलला तर आरटीओकडे जाऊन नोंद बदलून घ्यावी लागते. आरटीओचे नाव काढताच झगमगाट विझला.

श्रावणातल्या एका रविवारी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुने सतरंजीचे तुकडे अंथरून आम्ही बसलो. 'आम्ही' म्हणजे असे: डोके निनादचे आणि हात माझे. माझा आजवरचा यांत्रिक अनुभव कुकरची रिंग आणि बाथरूममधला नळ एवढाच. निनाद स्टुलावर बसून सांगे आणि मी जमिनीवर मांडी घालून करी. वरच्या मजल्यावरचे आप्पा खुर्ची घेऊन आले होते. त्यांच्याकडे सल्ला देण्याचे खाते होते.

पहिला धडा स्क्रूंचा. अशा गाडीच्या अंगरख्याला स्क्रू, बोल्ट, रबरी नट आणि प्लॅस्टिकच्या खुंट्या मिळून इतक्या गोष्टी असतात, की सगळ्या एका वाटीत टाकल्या तर पुन्हा बसवणाऱ्याला ब्रह्मांड आठवावे. शिवाय दिसायला सारखे असणारे बोल्ट लांबीला सारखे नसतात. आखूड बोल्टच्या जागी लांब बोल्ट गेला तर त्याचे टोक आत रेडिएटरपर्यंत जाऊन भिडू शकते. त्यासाठी मेकॅनिक मंडळींची एक युक्ती आहे. निनादने गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पानाची मागली बाजू पुठ्ठ्यावर चिकटवली, तिच्यावर गाडीचे चित्र काढले, आणि मी काढीन तो प्रत्येक बोल्ट चित्रातल्या त्याच्या जागी टोचून ठेवायला लावला. खुंट्यांचे तंत्र निराळे. त्यांच्या मधल्या टिकलीवर हलके दाबले की ती आत जाते आणि खुंटी आपसूक सैल होते. पक्कडीने ओढाल तर मोडते. बॅटरीची ऋण वायर सर्वांआधी सोडवली. हेडलाइटचा झोत समोरच्या भिंतीवर कुठे पडतो तिथे, वायर सोडवण्याच्या आधीच, खडूने रेघ ओढून ठेवली होती.

दुपारपर्यंत गाडी उघडी झाली. तीन वर्षे ती आमच्या दारात उभी होती, पण मी तिला प्रथमच पाहत होतो. त्या सगळ्या डौलाच्या आत एक बारीकसे इंजिन, त्याच्यापुढे वीतभर रेडिएटर, दोन्ही बाजूंनी जाणारा चौकटीचा जाड पट्टा आणि पुढे एक सळ्यांचा किरकोळ सांगाडा. पंख भिजलेल्या कोंबडीसारखी दिसत होती बिचारी. आप्पा म्हणाले, "आता नवा डगला घाला आणि मोकळे व्हा."

"आधी ती सरळ आहे का ते बघू," निनाद म्हणाला.

मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दोरा लावून तो ताणून पुढच्या चाकापर्यंत नेला. दोन्हीकडे अंतर सारखे आले. म्हणजे चौकट आणि चाके एका रेषेत होती. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिले. दोन्हीकडे ते सारखेच वळून आपल्या अडकणीवर टेकत होते. पुढच्या सळ्यांच्या सांगाड्याला मात्र दोऱ्याला नट बांधून ओळंबा लावला तेव्हा तो बोटभर उजवीकडे झुकलेला दिसला. या सांगाड्याला 'स्टे' म्हणतात. नाक, हेडलाइट, आरसे, सारा डोलारा त्याच्यावर उभा असतो. तो एवढा वाकला असेल तर जगातला कुठलाही अंगरखा नीट बसत नाही. लोक मात्र अंगरख्याच्या नावाने बोटे मोडतात.

"दिसत तर नाही काही. दडपून बसव," आप्पा म्हणाले.

"दडपून बसतो हो आप्पा. पण मग प्रत्येक बोल्ट जन्मभर ताणात राहतो. कुठल्या तरी खड्ड्यात एक कान तुटतो, मग दुसरा. बाहेरून काही कळत नाही."

तेव्हा पहिला रविवार तिथेच संपला आणि सोमवारी मी नाना पेठेत गेलो. दुचाकीच्या सुट्या भागांसाठी सारे पुणे तिथे जाते. दुकानातला पोरसवदा मुलगा म्हणाला, "काका, वर्जन वन का टू?" मला आमच्या गाडीला आवृत्त्या आहेत हे ठाऊक होते, कारण २०११ साली दुसरी निघाली आणि तिचे मागचे अंग बदलले, असे मला आदल्या रात्री पढवून पाठवले होते. मी भारदस्तपणे "टू" म्हणालो. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "स्वतः चालवता?" मी काही न बोलता पैसे मोजले. विम्याच्या कचेरीत पस्तीस वर्षांत मला असा मान मिळाला नव्हता.

दुसऱ्या रविवारी नवा स्टे बसला आणि अंगरखा चढवायला सुरुवात झाली. बसवण्याचा सारा मंत्र एकच आहे, आणि तो निनादने माझ्याकडून शंभरदा तरी वदवून घेतला असेल: सगळे बोल्ट आधी बोटाने, दोन-तीन आटे बसतील इतकेच लावायचे, शेवटचा बोल्ट जागेवर जाईपर्यंत एकही आवळायचा नाही. पहिलाच भाग घट्ट आवळला तर दुसऱ्याला जागा मिळत नाही, दुसऱ्याने तिसऱ्याशी भांडण काढले की शेवटच्याचे भोक अर्ध्या बोटाने चुकते. सगळे सैल असले म्हणजे एकमेकांना सांभाळून घेतात. आधी नाक आणि हेडलाइट, मग डावी-उजवी बाजू, मग आतले छोटे पडदे, मग पोटाखालचा भाग, आणि सर्वांत शेवटी काच. इंजिनाच्या बाजूला जिथे धग लागते तिथे आतून उष्णता अडवणारा चंदेरी, चिकट कागद लावला. जुन्या भागांना तो होता, नव्यांना नव्हता. न लावला तर प्लॅस्टिक काही महिन्यांत नरम होऊन लवते.

तरीही डाव्या बाजूची दोन भोके जुळेनात. एक थोडेसेच चुकले होते; ते गोल कानशीने, पुन्हा पुन्हा लावून पाहत, केसाकेसाने वाढवले. दुसऱ्याचा कानच वाकडा होता. "इथे ऊब द्यायला पाहिजे," निनाद म्हणाला. एबीएस शंभर अंशांच्या आसपास नरम पडते. आच लावली तर रंग फुगतो, आणि गार असताना वाकवले तर कान तुटतो. केस वाळवण्याचा ड्रायर हवा होता, आणि तो ज्यांच्या मालकीचा होता त्या सौभाग्यवती दोन्ही रविवार खाली फिरकल्या नव्हत्या.

मी वर गेलो. काय म्हणालो ते महत्त्वाचे नाही. ती ड्रायर घेऊन स्वतःच खाली आली. "तुम्ही जाळाल," एवढेच म्हणाली. मग पदर खोचून, पापड भाजताना धरतात तसा तो ड्रायर हलता ठेवून, आतल्या बाजूने तिने त्या कानाला अशी ऊब दिली की निनाद बघतच राहिला. मी हलक्या हाताने कान वाकवला आणि तो गार होईपर्यंत तसाच धरून बसलो. पाच-सात मिनिटे कोणालाच हलता येत नव्हते. आप्पा जेवायला गेले होते.

त्या शांततेत निनाद बोलू लागला. आमच्या घरात, दोन वर्षांत, "जेवलास का?" आणि "येताना दूध आण" यापलीकडे बापलेकांचे संभाषण क्वचितच जाई, दोघांपैकी कोणाची त्याबद्दल तक्रार नव्हती. पडण्याबद्दलही आम्हाला "घसरली" एवढा एकच शब्द मिळाला होता.

"वेग चाळीससुद्धा नव्हता, बाबा," तो म्हणाला. "पुढची बस थांबली आणि मी वळणावर पुढचा ब्रेक दाबला. ओल्या रस्त्यावर दाबायचा नसतो, हे मीच दुसऱ्यांना शिकवतो. पडल्यावर मी उठलो आणि आधी गाडी बघायला लागलो, किती लागलंय तिला. उचलायला गेलो तेव्हा कळलं की हात वर येत नाहीये. मागून एक टँकर येत होता. तो थांबला म्हणून..."

तो थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "आईला सांगू नका."

आई त्याच्या मागे हातभर अंतरावर ड्रायर घेऊन उभी होती. हे तो विसरला होता की नव्हता, ते मला आजही सांगता येणार नाही. मी तिच्याकडे पाहिले नाही. जरा वेळाने तिचा आवाज आला, "तो कोपरा गार झाला असेल. पुन्हा ऊब देऊ का?"

कान बसला. संध्याकाळपर्यंत कॅलेंडरवरचे सगळे बोल्ट आपापल्या जागी गेले. एकही उरला नाही आणि एकही कमी पडला नाही. मग मधून कडेकडे जात, ॲलन-कीच्या आखूड टोकाने, नुसत्या बोटांच्या जोराने मी ते आवळले. प्लॅस्टिकला पोलादासारखे आवळायचे नसते. रबरी वायसर किंचित दबला की थांबायचे. हँडल दोन्हीकडे फिरवून ते कुठे घासत नाही हे पाहिले. दिवा लावला, झोत खडूच्या रेघेवर पडला. गाडी अशी दिसत होती की कालच दुकानातून आली असावी. दलालाचे म्हणणे खरे ठरले. पडली होती हे देवालासुद्धा कळले नसते.

चार दिवसांनी दलालाने गिऱ्हाईक पाठवले. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेला, मिसरूड फुटलेला एक मुलगा आणि त्याचा मित्र. दलालाने सांगितलेली किंमत त्याला आधीच मान्य होती. त्याने गाडीवरून हात फिरवला, वर बसून पाहिले, आरशात केस पाहिले. गाडी पडली आहे का, असे त्याने विचारलेच नाही. विचारले असते तर उत्तर देणे सोपे होते. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणी आणि कसे द्यायचे, याचा मी विचार करीत होतो, तेवढ्यात निनाद म्हणाला, "ही जूनमध्ये पडली आहे. डावीकडे. अंगरखा बाहेरचा आहे, कंपनीचा नाही. स्टे नवा टाकलाय. चौकट सरळ आहे." आणि त्याने मोबाइलवर उघड्या गाडीचे फोटो, दोरा लावलेला, ओळंबा लावलेला, एकेक करून त्याला दाखवले.

मला वाटले, आता तो उठून जाईल. तो गेला नाही. फोटोंवरून त्याची नजर घाईघाईने सरकली आणि पुन्हा निळ्या रंगावर जाऊन बसली. त्याने फक्त पाच हजार कमी करून मागितले.

"हेल्मेट आहे का रे तुझ्याकडे?" दारातून आवाज आला. सौभाग्यवती पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"घेणार आहे, काकू."

"आणि आईला माहीत आहे का?"

मुलगा हसला. त्याचा मित्र दुसरीकडे पाहू लागला. सौभाग्यवतींनी दोघांना पाणी दिले, वड्या दिल्या, कुठल्या कॉलेजात आहेस, घरी कोण कोण असते, सारे विचारले. पेले परत घेताना म्हणाली, "गाडी विकायची नाहीये आम्हाला. तुम्हाला उगाच खेप पडली."

मुले गेली. निनाद काही बोलायच्या आत तिने आपल्या अटी सांगून टाकल्या. हेल्मेट होतेच, आता जाड जाकीट आणि हातमोजेही. पावसाळ्यातले पहिले पंधरा दिवस बसने जायचे. पोचल्यावर फोन. "आणि मला सांगू नका, असं पुन्हा कोणाला सांगायचं नाही," हे शेवटचे. ही चौथी अट कशाबद्दल होती ते तिने सांगितले नाही. निनादनेही विचारले नाही. दलालाला फोन मी केला. तो पुष्कळ बोलला.

आता बाहेरच्या अंगरख्याची एक खोड आहे. इंजिनाच्या थरथरीने त्याचे बोल्ट हळूहळू सैल होतात. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर एकदा, आणि पुढे अधूनमधून, ते तपासावे लागतात. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, चहा झाला की मी ॲलन-की घेऊन खाली जातो आणि सतरंजीच्या तुकड्यावर बसतो. निनाद स्टुलावर बसतो आणि म्हणतो, "नुसतं हात लावून बघा, बाबा. आवळू नका." त्याचा हात कधीचाच बरा झाला आहे, हे काम तो एकटा पाच मिनिटांत करू शकतो. आम्हाला दीड तास लागतो.